दादासाहेब पिंपळे यांचा चेहरा

अंकासाठी लेख मागायला ज्या बाईंचा फोन आला त्यांनी एक अट घातली होती. "गमतीचं लिहा हं, रफीकदादा. भुतांचा सिनेमा होता तो." मी हो म्हटलं. त्या सिनेमात गंमत पुष्कळ होती आणि ती मी सांगणारही आहे. पण त्याचं नाव निघालं की मला पहिल्यांदा आठवतात ते मधूकाका वाघदरे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सगळंच गमतीत जाणार नाही. छापायचं की नाही ते बाईंनी ठरवावं.

मी रंगभूषाकार. आता काम सोडलंय, पण पनवेलच्या मोहल्ल्यात अजून मला 'मेकअपवाला रफीक' म्हणूनच ओळखतात. माझे अब्बा नाटकांचे कपडे शिवायचे आणि भाड्याने द्यायचे. उरण-पनवेलच्या गावागावांत जत्रेला नाटकं व्हायची, तिथे कपड्यांच्या ट्रंकेबरोबर मीही जायचो आणि दाढ्यामिशा चिकटवायचो. एका गावात राजाने प्रधानाला मिठी मारली आणि राजाची मिशी प्रधानाच्या गालावर गेली. पुढचा सगळा अंक प्रधान ती गालावर घेऊन बोलला, आणि लोकांना वाटलं तसंच असतं. तिथून माझा हात बसला तो बसला.

पुढे टीव्हीत गेलो. दोन हजार सालानंतरच्या त्या काळात दर आठवड्याला अर्धा तास लागणारी एक विनोदी मालिका होती, 'पिंपळावरचे पिंपळे'. रस्ता रुंद करताना पिंपळ तोडतात आणि त्यावर राहणारं भुतांचं कुटुंब बेघर होतं. मग ते एका सोसायटीत फ्लॅट घेऊन राहायला येतं. वडील दादासाहेब हे वेताळ, पण स्वभावाने पापभीरू. आई हडळ, उलट्या पावलांची. हळदीकुंकवाला जाताना चपला कशा घालायच्या याची तिला चिंता. लोकांना आवडली मालिका. मुलांना तर फारच.

मालिकेतला मेकअप साधा होता. पांढरा रंग, डोळ्यांखाली काळं, दोन सुळे आणि एक विग. दादासाहेबांना तयार करायला चहा थंड होईपर्यंतचा वेळ पुरायचा. दादासाहेबांची भूमिका मधूकाका करायचे.

मधूकाका साठीच्या आसपासचे होते. नवीन पनवेलला राहायचे, त्यामुळे शूटिंगला आम्ही बरोबरच जायचो. उभं आयुष्य त्यांनी रंगभूमीवर आणि सिनेमात लहान कामं करण्यात घालवलं होतं. पोस्टमन, हवालदार, मुलीचा मामा. दाराशी येऊन एक वाक्य बोलायचं आणि जायचं. पण ते एक वाक्य असं बोलायचे की लोक माणूस गेल्यावरही हसत राहायचे. सगळी कमाल आवाजाची होती. जाडसर, थोडा घोगरा, आणि वाक्याच्या मधेच थांबायचा. लोकांना वाटायचं संपलं, आणि मग उरलेला शब्द यायचा. मी कित्येकदा त्यांना विचारलं, "काका, कुठे थांबायचं हे कसं कळतं?" ते म्हणायचे, "मला नाय कळत रे. समोरच्यांचा श्वास ऐकायचा."

मालिका संपल्यावर चार-पाच वर्षांनी तिचा सिनेमा करायचं ठरलं. दिग्दर्शक तोच, नचिकेत नावाचा तरुण मुलगा. निर्माते नवे होते. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. शेठना दादासाहेबांच्या कामासाठी मोठं नाव हवं होतं. नचिकेत अडून बसला की वाघदरे नसतील तर मी पण नाही. शेवटी शेठ कबूल झाले, पण म्हणाले, मोठ्या पडद्यावर पांढरा रंग नि दोन सुळे चालणार नाहीत. भूत भुतासारखं दिसलं पाहिजे. म्हणजे रबरी चेहरा.

हे काम कसं चालतं ते सांगतो. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा. दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला जी पावडर वापरतात, तसलीच पाण्यात कालवून सगळ्या तोंडाला थापायची. फक्त नाकपुड्या मोकळ्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या. ते सुकलं की अलगद काढायचं आणि आत प्लास्टर ओतायचं, की नटाचा जसाच्या तसा चेहरा हातात येतो. त्यावर मातीने भुताचा चेहरा घडवायचा, त्याचा पुन्हा साचा करायचा आणि त्यात फेसाळ रबर भाजायचं. मग ते तुकडे रोज नटाच्या कातडीला डिंक लावून चिकटवायचे. मुखवटा आणि हे यात फरक एवढाच की मुखवट्यात माणूस लपतो. यात त्याने भुवई उचलली की भुताची उचलली गेली पाहिजे. त्यासाठी रबर जागोजाग पातळ ठेवावं लागतं आणि नटाचा चेहरा बोटांना पाठ व्हावा लागतो.

मधूकाका साच्यासाठी माझ्या वर्कशॉपमध्ये आले. वर्कशॉप म्हणजे आमच्या घराची मागची खोली. साचा निघाला, मी प्लास्टर ओतलं आणि संध्याकाळी साचा सोडवून बघितलं. डाव्या बाजूला, कानाखाली जबड्याच्या कडेला एक उंचवटा होता. मी म्हटलं हवा राहिली असेल. पण हवेच्या फुग्यावर कातडीची छिद्रं उमटत नाहीत, इथे उमटली होती. शिवाय सुळ्यांचं माप घेताना काकांचं तोंड नीट उघडत नव्हतं, तेही मला आठवलं. तंबाखू त्यांची जुनीच होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून तो प्लास्टरचा चेहरा दाखवला.

"काका, हे काय आहे?"

"तुझं प्लास्टर बिघडलंय."

"काका, बोट लावून बघा स्वतःला."

त्यांनी लावलं. बराच वेळ बोट तिथेच होतं. मग म्हणाले, "दाढ दुखते हल्ली. तिचीच सूज."

"डॉक्टरांना दाखवू. मी येतो बरोबर."

पनवेलच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं. तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा शालिनीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बरोबर होत्या. जबड्याचा कॅन्सर. ऑपरेशन लवकर करावं लागेल. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला, पण तारीख मिळाली ती महिन्याभराने.

काका दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून म्हणाले, "महिना आहे ना? मग शूटिंग बसतं त्यात." काकूंनी माझ्याकडे बघितलं. तारीख काही आमच्या हातात नव्हती आणि नुसतं घरी बसून वाट बघणं माणसाला खातं. ठरलं असं की कुणाला सांगायचं नाही, आणि तारखेला सगळं टाकून जायचं.

शूटिंग आपट्याला होतं, पाताळगंगेच्या काठच्या एका रिकाम्या बंगल्यात. खिडक्यांना काळे पडदे लावून आत भर दुपारी रात्र केलेली. उकाडा असा की डिंक धरायचा नाही. सकाळी काकांना खुर्चीत बसवलं की दादासाहेब उभे राहीपर्यंत दुपार व्हायला यायची. एकदा चेहरा चढला की जेवण बंद, फक्त नळीने काहीतरी प्यायचं. त्यामुळे काकांना चावता येत नाही हे युनिटमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळी भुतं नळीनेच पीत होती.

लक्षात आलं ते ताराबायच्या. बंगल्याच्या राखणदाराची ही आई, जवळच राहायची. एकदा काका पूर्ण भुताच्या वेशात नदीकडे तोंड करून बसले होते. ती सरळ त्यांच्या पुढ्यात आली. आमच्यातलं कुणी ओरडलं, "आजी, घाबरू नका." ती म्हणाली, "घाबराचा काय? मानूस हाय." मग काकांना म्हणाली, "कवापासून बघतंय, तुमी कायच खात नाय. चावाया येत नाय का?"

काकांनी मान हलवली.

"आमच्या घरान पेज हाय. आनतंय."

तिने तांब्यात पातळ पेज आणली, वर थोडं मीठ. नळीने जाईल इतकी पातळ. त्यानंतर शूटिंग होतं तोवर ती रोज आणायची. काकांनी एकदा तिला विचारलं, "ताराबाय, माझं तोंड बघून भीती नाय वाटत?" ती म्हणाली, "आमी सुईनपन केलाय. मानसाची तोंडा लय बघल्यान."

त्या दिवसांत काकांनी जे काम केलं ते मी विसरणार नाही. एका प्रसंगात सगळं कुटुंब जेवायला बसतं आणि दादासाहेब माणसांसारखं जेवायला शिकवतात. रबराच्या चेहऱ्यातून, अर्धवट उघडणाऱ्या तोंडाने ते जे बोलले, त्याने कॅमेरामनच्या खांद्याला हसून हिसका बसला आणि शॉट पुन्हा घ्यावा लागला. नंतर मी चेहरा उतरवला तेव्हा रबराच्या आतली बाजू लाल होती. मी ती धुतली. काका आरशात माझ्याकडे बघत होते. "हसले ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग जे व्हायचं ते झालं. हडळ करणाऱ्या बाई आजारी पडल्या, जनरेटर जळाला, काम मागे पडलं. उरला तो शेवटचा मोठा प्रसंग. सोसायटीची सभा भरते, भुतांना घालवून द्यायचा ठराव मांडतात आणि दादासाहेब उभे राहून बोलतात. "आम्हाला पाणी लागत नाही, लिफ्ट लागत नाही, पार्किंग लागत नाही. इतके चांगले शेजारी तुम्हाला जिवंतपणी मिळतील का?" असं ते भाषण. सुरुवातीला लोक हसतात, शेवटी गप्प होतात. काका मालिकेपासून अशा एका भाषणाची वाट बघत होते. आणि त्या प्रसंगाचे दिवस आले ते नेमके हॉस्पिटलच्या तारखेवर.

शालिनीकाकू माझ्याकडे आल्या. मोहल्ल्यात त्या कधी आल्या नव्हत्या, पत्ता विचारत आल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं ते हातातच धरून बसल्या.

"हे म्हणतात, पुढची तारीख घेईन. हॉस्पिटलात फोनसुद्धा केला. पुढची तारीख दीड महिन्याने. रफीक, तुमचं ऐकतील तर बघा."

मी आधी नचिकेतला गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंत?" मग म्हणाला, "शेठ थांबणार नाहीत, दादा. दीडशे माणसं बोलावलीत सभेला. आणि काका स्वतः येतो म्हणत असतील तर मी त्यांना कसं नको म्हणू?" त्याचं खोटं नव्हतं.

तेव्हा मी एक गोष्ट केली. दादासाहेबांच्या चेहऱ्याचे सगळे साचे आणि तयार तुकडे आपट्याहून उचलून घरी आणले, वर्कशॉपमध्ये ठेवले आणि कुलूप लावलं. निरोप पाठवला की उद्यापासून मी येणार नाही. चेहरा नाही तर दादासाहेब नाहीत, आणि दादासाहेब नाहीत तर शूटिंग नाही.

दुपारी काका आले. दारातच उभे राहिले.

"माझा चेहरा दे, रफीक."

"काका, बसा. चहा घ्या."

"चहा नको. तो चेहरा तुझा नाही. प्रॉडक्शनचा आहे."

"मग प्रॉडक्शनने पोलिसांना घेऊन यावं. मी देणार नाही."

ते बसले. बोलताना त्यांना त्रास होत होता, तरी बोलले. "आयुष्यभर मी दारातून आलो आणि दारातून गेलो. पहिल्यांदा कुणीतरी मला सभेच्या मधोमध उभं केलंय. तो एक सीन होऊ दे. मग कापा काय कापायचं ते."

"सीन थांबेल, काका. गाठ थांबणार नाही."

"सीन थांबेल, मी थांबेन का?"

मी म्हटलं, "काकू माझ्या घरी येऊन रडल्या." ते उठले. जाताना वळून बघितलं नाही. तारखेला मात्र काकू त्यांना घेऊन हॉस्पिटलात दाखल झाल्या.

शेठनी मला काय काय ऐकवलं ते सोडून देतो. त्यांचंही नुकसान झालं होतं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. डाव्या बाजूचा अर्धा जबडा गेला आणि जिभेचाही तुकडा गेला. छातीचं मांस घेऊन गाल बांधला. मी भेटायला गेलो तेव्हा काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मी चेहऱ्यांचं काम करणारा माणूस, पण त्या चेहऱ्याकडे बघायला मला वेळ लागला. खालचा भाग डावीकडे आत ओढला गेला होता, ओठ मिटत नव्हते, आणि रुमाल सारखा हातात धरावा लागायचा. बोलणं म्हणजे पाण्यात बुडालेल्या माणसाने बोलावं तसं. काकूंना कळायचं, तेही सगळं नाही.

काही महिन्यांनी उरलेल्या प्रसंगाचं ठरलं. शेठ म्हणाले, रबरच आहे ना, कुणालाही घाला आत. नचिकेतने मात्र काकांना जाऊन विचारलं. काकांनी छातीवर हात ठेवला. मी करणार.

जुना चेहरा आता बसत नव्हता. तो ज्या हाडावर घडवला होता ते हाडच नव्हतं. काका पुन्हा माझ्या वर्कशॉपमध्ये आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. माझ्याशी ते अजून बोलत नव्हते. नव्या कातडीला जोर लागू नये म्हणून मी घास भरवावा तितक्या हळू पावडर लावली. पुढे रबर करताना आतल्या बाजूने गेलेल्या जबड्याइतका हलका भराव दिला, जुन्या प्लास्टरच्या चेहऱ्यावरून माप घेऊन. हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे असं मी आजही म्हणेन. कुणाला ते दिसलं नाही, दिसू नये म्हणूनच केलं होतं.

शूटिंगच्या दिवशी काकू आल्या होत्या. चेहरा चढला, विग बसला, काका उभे राहिले. हिरवट कातडी, सुळे, कपाळावर शिंगांचे कोंब. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता कसे यांच्यासारखे दिसतात." मी ब्रश धुवायला बाहेर गेलो.

त्याच दिवशी सकाळी, चेहरा चढवायच्या आधी, आणखी एक झालं होतं. शेठ भेटायला खोलीत आले. काकांना त्यांनी ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं. क्षणभर थबकले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, पण खोली लहान होती, "दादा, एक सुचतंय. रबराची गरज आहे का? थोडा हिरवा रंग मारला तरी... असं कुणाकडे मिळणार नाही." वाईट हेतूने म्हणाले असं मला वाटत नाही. त्यांना ते खरंच सुचलं होतं.

काकांनी काहीतरी म्हटलं. शेठना कळलं नाही, मलाही नाही. काकूंनी सांगितलं, "ते म्हणतात, पिंपळे दाखवा. वाघदरे दाखवायचा नाही."

शेठ "बरं बरं" म्हणून गेले.

सभेचा प्रसंग काकांनी केला. आवाज नंतर भरायचा होता, म्हणून ते नुसते ओठ हलवत, आणि जिथे थांबायचं तिथे थांबत होते. समोरची माणसं रोजंदारीवर आलेली, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्या थांबण्याच्या जागी त्यातली काही हसली.

आवाज भरायला मुंबईच्या स्टुडिओत गेलो. काकांना आधी स्वतः करून बघायचं होतं. नचिकेतने सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्यांना माइकपुढे एकटं उभं केलं. काचेतून आम्हाला दिसत होतं, हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. पहिलं वाक्य. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा. मग त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि बाहेर येऊन बसले. हुबेहूब आवाज काढणारा एक कलाकार बोलावून ठेवला होता. त्याने काकांना नमस्कार केला आणि सगळा सिनेमा सलग बोलून टाकला, म्हणजे ऑपरेशनच्या आधी घेतलेल्या प्रसंगांतला काकांचा खरा आवाजही बदलला. सगळीकडे एकच हवा म्हणून. चांगला काढला त्याने आवाज. फक्त थांबायचा ते मोजून.

परतताना गाडीत काका माझ्या शेजारी बसले होते. कळंबोली आल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बऱ्याच महिन्यांनी माझ्याशी बोलत होते. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द वेगळा करून.

"माझा आवाज तू घेतलास."

रागाने नाही म्हणाले. एखाद्याने आपली छत्री नेली तर सांगावं तसं.

मी नंतर त्यांच्या डॉक्टरांना भेटून विचारलं. तो दीड महिना थांबलो असतो तर काय झालं असतं? डॉक्टर म्हणाले, कदाचित ऑपरेशनच करता आलं नसतं. कदाचित काहीच फरक पडला नसता. सांगता येत नाही. मी म्हटलं, काहीतरी एक सांगा. ते म्हणाले, एक सांगणारा डॉक्टर तुम्हाला मिळेल, पण तो खोटं बोलत असेल.

सिनेमा लागला. पनवेलच्या थिएटरला दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. काकांनी तोंडाला मफलर गुंडाळला होता. गर्दी बेताची, पण पुढच्या रांगेत एक कुटुंब मुलाबाळांसह आलेलं. मुलं पहिल्यापासून हसत होती. जेवणाच्या प्रसंगाला तर एक मुलगी खुर्चीतून खाली घसरली. काका पडद्याकडे बघत नव्हते. त्या मुलांच्या डोक्यांकडे बघत होते. सभेच्या प्रसंगाला त्यांचा मफलर आतून हलताना मला दिसला. पडद्यावरचा आवाज आणि त्यांचे ओठ वेगवेगळ्या जागी थांबत होते.

मध्यंतरात ते पाणी प्यायला मफलर काढून नळाशी वाकले होते. तेवढ्यात तीच मुलगी तिथे आली. तिने वर बघितलं आणि किंचाळली. तिचे वडील धावत आले, काकांकडे बघून "सॉरी, सॉरी" म्हणाले आणि तिला उचलून घेऊन गेले. काकू त्यांच्या मागे निघाल्या. त्यांना सांगायचं असणार की तुम्ही आत ज्यांना हसताय तेच हे. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि मानेनेच नको म्हटलं.

रिक्षात काका काहीतरी बोलले. बरंच लांब बोलले. मला वाटलं काकूंना कळलं असेल, काकूंना वाटलं मला कळलं असेल. आम्ही दोघांनीही मान डोलावली. ते काय होतं ते नंतर आम्ही एकमेकांना विचारलं, तेव्हा समजलं की दोघांनाही कळलं नव्हतं.

दुखणं पुन्हा उलटलं, गळ्यात. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले.

काकू नवीन पनवेलचं घर सोडून करंजाड्याला लहान फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मी अधूनमधून जातो. सिनेमा थिएटरात फार चालला नव्हता, पण टीव्हीवर मात्र चालला. सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर तो असतोच. मागे एका रविवारी दुपारी मी गेलो तेव्हाही चालू होता. काकूंनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता.

"असाच बघते मी," त्या म्हणाल्या. "तो आवाज यांचा नाही."

मी बसलो. सभेचा प्रसंग आला. दादासाहेब उभे राहिले, ओठ हलायला लागले. भिंतीपलीकडच्या घरातही हाच सिनेमा लावला होता. तिकडून ते भाषण ऐकू यायला लागलं, आणि त्यावर हसणाऱ्या मुलांचा आवाज. काकू उठल्या. मला वाटलं, जाऊन त्यांना सांगतील. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसल्या. तरी थोडं ऐकू येतच होतं. सिनेमा संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.